बोटीत चढणं आपल्या हातात, उतरणं बंदराच्या हातात

५ जानेवारी २०२० रोजी इटलीतून दोन मोठ्या प्रवासी बोटी जगप्रदक्षिणेला निघाल्या. जिनोआहून 'एमएससी मॅग्निफिका' आणि व्हेनिसहून 'कोस्टा डेलिझिओसा'. निघताना कोरोना हा शब्द बहुतेक प्रवाशांनी ऐकलेलाही नव्हता. २० एप्रिलला पहिली बोट फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागली आणि त्याच दिवशी दुसरी स्पेनच्या बार्सिलोनाला. त्याआधी साधारण पाच आठवडे बहुतेक प्रवाशांचे पाय जमिनीला लागले नव्हते. विशेष म्हणजे दोन्ही बोटींवर कोरोनाचा एकही रुग्ण आढळलेला नव्हता.

मग त्यांना वाटेत उतरू का दिलं नाही? तिकीट होतं, पासपोर्ट होता, पैसे भरलेले होते, तब्येत ठणठणीत होती. तरीही एकामागून एक बंदरं बंद होत गेली आणि सहल चालू असतानाच तिचा अर्थ बदलला. फिरायला निघालेली माणसं घरी पोहोचण्याची वाट बघत बसली.

हा विषय आपल्या घरांपासून वाटतो तितका दूर नाही. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची जाहिरात आता प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसते. आखातात किंवा युरोपात स्थायिक झालेली मुलं अम्मी-अब्बांना आठ-दहा दिवसांच्या समुद्रसफरीला नेतात. आणि रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस बोटीवर नोकरीला असतो. म्हणून बोट, बंदर आणि साथ यांचं गणित कसं चालतं, ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

बोट म्हणजे चालतं गाव

एका मोठ्या क्रूझवर तीन-चार हजार माणसं असतात. एकच भटारखाना, एकत्र जेवण, अरुंद गल्ल्या, लिफ्ट, नाट्यगृह. म्हणजे तालुक्यातलं एखादं गावच पाण्यावर चालतं. साथीच्या काळात बंदराला प्रवासी दिसत नाहीत, दारात आलेलं अख्खं गाव दिसतं. ज्या गावात साथ आहे तिथे जाऊ नये आणि तिथे असलेल्याने बाहेर पडू नये, ही नबी-ए-करीम (स.) यांची शिकवण आपल्या घराघरांत माहीत आहे. बंदरावरचा आरोग्य अधिकारीही असाच विचार करतो. अडचण इतकीच की गाव एका जागी असतं आणि बोट रोज नव्या दारात उभी राहते.

बोटीवर हुकूम नक्की कोणाचा, हा दुसरा घोळ. 'डायमंड प्रिन्सेस'चं उदाहरण घ्या. बोट चालवणारी कंपनी अमेरिकन, बोटीची नोंदणी ब्रिटनची आणि ती उभी होती जपानच्या योकोहामा बंदरात. २५ जानेवारी २०२० ला हाँगकाँगमध्ये उतरलेल्या तिच्या एका प्रवाशाची चाचणी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह आली. ३ फेब्रुवारीला बोट योकोहामाला पोहोचली तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसं होती. जपानने प्रवाशांना चौदा दिवस खोल्यांतच ठेवण्याचा निर्णय घेतला. शेवटी ७१२ जणांना लागण झाल्याचं स्पष्ट झालं.

त्या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यातले १३२ खलाशी आणि फक्त ६ प्रवासी. प्रवासी खोलीत बंद होते तेव्हा त्यांच्या दारापर्यंत जेवण पोहोचवणारे हेच खलाशी होते, आणि रात्री ते एकमेकांसोबत लहान खोल्यांत झोपत होते. २७ फेब्रुवारीला त्यातल्या ११९ भारतीयांना विमानाने दिल्लीला आणण्यात आलं आणि तिथून मानेसरच्या केंद्रात पुन्हा विलगीकरणात ठेवण्यात आलं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. तिकीट हा आपला आणि कंपनीचा करार आहे. त्या करारात बंदर सहभागी नसतं. बोट कोणत्याही देशाच्या झेंड्याखाली असो, धक्क्यावर पाय ठेवायचा की नाही, हे ज्याचं बंदर तो देश ठरवतो.

परवानगी मिळते कशी?

परदेशातून आलेली बोट बंदरात शिरण्याआधी कप्तान आरोग्याचं एक घोषणापत्र पाठवतो. बोटीवर कोणी तापाने आजारी आहे का, प्रवासात कोणाचा मृत्यू झाला का, मागची बंदरं कोणती, अशी माहिती त्यात असते. बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याचं समाधान झालं की बोटीला किनाऱ्याशी व्यवहार करायची मोकळीक मिळते. तोपर्यंत माणूस उतरत नाही, सामानही उतरत नाही. बोटीवर फडकणारा पिवळा झेंडा पाहून लोकांना वाटतं की आत साथ आहे. आजच्या सागरी संकेतात त्याचा अर्थ उलटा आहे: आमची बोट निरोगी आहे, आम्हाला परवानगी द्या.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सांगतात की केवळ आरोग्याचं कारण पुढे करून बोटीला बंदरात येण्यापासून सहसा अडवू नये. पण बंदराकडे तशी व्यवस्था नसेल तर बोटीला जवळच्या सोयीच्या बंदराकडे पाठवता येतं, आणि देशांना जादा उपाय करण्याचीही सवड आहे. २०२० मध्ये बहुतेक देशांनी ही सवडच वापरली. नियम कागदावर राहिला.

'वेस्टरडॅम'चा किस्सा बघा. १ फेब्रुवारी २०२० ला ती हाँगकाँगहून निघाली. फिलिपिन्स, तैवान, जपान, अमेरिकेच्या ताब्यातलं ग्वाम आणि थायलंड, पाच ठिकाणांनी तिला दार लावलं. अखेर १३ फेब्रुवारीला कंबोडियाच्या सिहानुकविल बंदराने तिला जागा दिली. पुढे निष्पन्न झालं की त्या बोटीवर साथ नव्हतीच.

'झान्डॅम'चा अनुभव त्याहून कडू. ७ मार्चला ती अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्सहून निघाली. आठवडाभरात दक्षिण अमेरिकेची बंदरं बंद होऊ लागली. बोटीवर आजार पसरला आणि चार प्रवासी दगावले. पनामा कालव्यातून जाण्याची परवानगीसुद्धा आधी नाकारली गेली, मग मिळाली. २ एप्रिलला ती फ्लोरिडाला लागली. एका बोटीवर आजार नव्हता, दुसरीवर होता. दारं दोघींनाही बंद झाली, कारण समोरच्या बंदराला आत काय आहे याची खात्री नव्हती आणि आपल्या रुग्णालयांची चिंता होती.

हे सारं आपल्या दादा-परदादांनी पाहिलेलं

साथीत बोट थांबवणं नवीन नाही. आजच्या क्रोएशियातलं डुब्रोवनिक तेव्हा रागुसा म्हणून ओळखलं जायचं. तिथे १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवण्याचा नियम झाला. पुढे ते चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळीस या शब्दावरून 'क्वारंटाइन' आला.

आपल्या समाजाने हा शब्द हजच्या वाटेवर अनुभवला. १८६५ मध्ये हिजाझमध्ये कॉलराची मोठी साथ आली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये देशोदेशींची आरोग्य परिषद भरली आणि हाजींच्या बोटींवर नजर ठेवायचं ठरलं. १८८२ मध्ये तुर्कांनी तांबड्या समुद्रात, येमेनच्या किनाऱ्याजवळ कामरान बेटावर विलगीकरण केंद्र उघडलं. मुंबईहून निघालेल्या बोटींना जेद्दाहच्या आधी इथे थांबावं लागे. कपडे-सामान निर्जंतुक व्हायचं, माणसं दिवस मोजायची. बोटीवर कोणी आजारी निघालं की मुक्काम वाढायचा.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाणंच थांबवलं गेलं. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी तपासण्याचा अधिकार सरकारला देणारा हा कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला.

भारतातून बोटीने हज १९९५ मध्ये बंद झाला, पण बदलत्या नियमांचा अनुभव आपल्याला अगदी अलीकडचा आहे. २०२२ च्या हजला ६५ वर्षांखालच्यांनाच परवानगी होती आणि निघण्याआधी ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर चाचणी लागत होती. आयुष्यभर पैसे साठवलेले किती बुजुर्ग त्या वर्षी घरीच राहिले, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. क्रूझची हौस आणि हजचा फर्ज यांची बरोबरी करायची नाही. पण नियम बदलतो तेव्हा तो आपली तयारी किंवा आपला इरादा पाहत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

बोटी पुन्हा सुरू झाल्या, नियम मात्र फिरते राहिले

ऑगस्ट २०२० मध्ये भूमध्य समुद्रात काही बोटी पुन्हा निघाल्या. किनाऱ्यावर जायचं तर कंपनीच्या गटासोबतच, अशी अट होती. इटलीत एका कुटुंबाने गट सोडून स्वतःहून फिरायला सुरुवात केली, तर त्यांना बोटीवर परत घेतलं गेलं नाही. अमेरिकेतून प्रवासी सफरी जून २०२१ मध्ये सुरू झाल्या. बहुतेक खलाशांचं आणि प्रवाशांचं लसीकरण झालेल्या बोटींना तिथे वेगळी सवलत होती.

लांबच्या सफरीची खरी अडचण इथे कळते. मुंबई-गोवा फेरीत दोनच बंदरं असतात. जगप्रदक्षिणेत तीस-चाळीस असू शकतात, आणि प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं. ऑस्ट्रेलियाने क्रूझवरची बंदी १७ एप्रिल २०२२ ला उठवली, न्यूझीलंडने ३१ जुलै २०२२ ला दार उघडलं, जपानमध्ये आंतरराष्ट्रीय क्रूझ मार्च २०२३ मध्ये परतल्या. म्हणजे २०२२ च्या मे महिन्यात बोटीला सिडनीत जागा होती, ऑकलंडमध्ये नव्हती. नकाशावर शेजारी दिसणारी बंदरं नियमांनी कितीतरी लांब होती.

लसीचंही तसंच. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने कोविशील्ड लस मान्य केली, पण भारताचं प्रमाणपत्र मान्य केलं नाही. प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख हवी, असा मुद्दा निघाला. ११ ऑक्टोबरपासून तो प्रश्न सुटला. कोवॅक्सिन घेतलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. लस तीच, दंड तोच, पण एका तारखेला चालत नव्हती आणि दुसऱ्या तारखेला चालू लागली.

आपल्या दारातलं उदाहरण जानेवारी २०२२ चं. नववर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया' क्रूझवर सुमारे दोन हजार माणसं होती. एक कर्मचारी पॉझिटिव्ह आल्यावर सर्वांची चाचणी झाली आणि ६६ जण बाधित निघाले. गोवा समोर दिसत होता. तरी बोट मुंबईला परत आली. यात परदेश नव्हता, व्हिसा नव्हता. एकाच देशातल्या दोन बंदरांतही हे होऊ शकतं.

थोडक्यात, नियम आपण पोहोचतो त्या दिवशीचा लागतो. बुकिंगच्या दिवशीचा नियम छापून जवळ ठेवला तरी धक्क्यावर त्याची किंमत नसते.

बोटीवर नोकरी करणाऱ्यांचं काय?

प्रवासी उतरले की बातमी संपते. खलाशी मात्र बोटीवरच राहतो. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही घरी जाऊ शकत नव्हते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. सागरी कामगार करारानुसार खलाशाला सलग साधारण अकरा महिन्यांपेक्षा जास्त बोटीवर ठेवू नये. त्या वर्षी अनेकांनी ही मर्यादा ओलांडली. घरात मूल जन्मलं, वडिलांचा इंतकाल झाला, आणि माणूस समुद्रावर.

भारताची बंदरं लॉकडाऊनमध्ये स्वतःच्या खलाशांनाही बंद होती. २१ एप्रिल २०२० ला केंद्राने खलाशांच्या चढ-उतारासाठी कार्यपद्धती जाहीर केली आणि २३ एप्रिलला 'मरेला डिस्कव्हरी' या बोटीवरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. मायदेश डोळ्यांसमोर असूनही बोटीवरच थांबणं म्हणजे काय, ते त्या घरच्यांना विचारावं.

यातून कायद्यात एक सुधारणा झाली. २०२२ मध्ये मंजूर झालेले सागरी कामगार करारातले बदल डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत. तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या खलाशाला लगेच किनाऱ्यावर उतरू द्यावं, ही जबाबदारी आता बंदराच्या देशावर स्पष्टपणे टाकली आहे. ज्यांच्या घरात बोटीवर नोकरीला कोणी आहे, त्यांनी ही तरतूद माहीत करून घ्यावी.

निघण्याआधी एवढं बघा

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्या वेळच्या बहुतेक अटी आज नाहीत. पण साथ, युद्ध, वादळ, कोणत्याही कारणाने बंदर बंद होऊ शकतं. म्हणून घरातल्यांना, खासकरून बुजुर्गांना, लांबच्या सफरीवर पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

पहिली, नाव. आपल्याकडे हा मोठा गोंधळ असतो. पासपोर्टवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', लसीच्या कागदावर 'मोहद'. कुठे आडनाव आहे, कुठे वडिलांचं नावच आडनावाच्या जागी. बायकांच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं नाव वेगवेगळं. नियम कडक होतात तेव्हा अधिकारी अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. पासपोर्टवरचं नाव प्रमाण मानून बाकीची कागदपत्रं तशी करून घ्यावीत.

दुसरी, व्हिसा. ज्या बंदरात उतरायचं नाही त्या देशाचाही व्हिसा काही वेळा लागतो. मार्ग बदलला तर भलत्याच देशात उतरण्याची वेळ येते. एकाच प्रवेशाचा व्हिसा आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा यातला फरक विचारून घ्यावा. परत येण्याच्या तारखेपुढे पासपोर्टची मुदत किमान सहा महिने असावी.

तिसरी, करारातली बारीक अक्षरं. बंदर वगळण्याचा, क्रम बदलण्याचा हक्क जवळपास प्रत्येक कंपनी स्वतःकडे ठेवते. वगळलेल्या बंदराबद्दल बहुतेक वेळा फक्त बंदराचं शुल्क परत मिळतं. सफर मध्येच संपली तर घरी परतण्याचं विमानभाडं कोण देणार, हे लेखी विचारावं. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

चौथी, विमा. पॉलिसीत क्रूझचा उल्लेख हवा, साथीच्या आजाराचा खर्च धरलेला हवा, विलगीकरणातला मुक्काम आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च हवा. बोटीवरचा दवाखाना फुकट नसतो.

पाचवी, औषधं. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची औषधं सफरीच्या दिवसांपेक्षा निदान तीन-चार आठवडे जास्त न्यावीत. आपल्याकडची ब्रँडची नावं परदेशात कळत नाहीत. डॉक्टरांकडून औषधातल्या मूळ घटकाचं नाव लिहून घ्यावं. गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात.

सहावी, जेवण. हलाल जेवण हवं असल्यास बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं. मुक्काम लांबला तर रसद कमी पडते आणि विशेष जेवण आधी बंद होतं. थोडा कोरडा खाऊ सोबत असलेला बरा, पण तो घेऊन किनाऱ्यावर उतरू नये. कित्येक देशांत बाहेरचं अन्न आणायला मनाई असते.

सातवी, घरी राहणाऱ्यांसाठी. बोटीचं नाव, बंदरांची यादी आणि तारखा, पासपोर्टची प्रत, विम्याचा क्रमांक एका कागदावर लिहून घरात ठेवावा. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारींसाठीच आहे. नोकरीवर जाणाऱ्याच्या बाबतीत कराराची प्रत, भरती करणाऱ्या एजंटचा परवाना क्रमांक आणि कंपनीचा पत्ता घरच्यांकडे असलाच पाहिजे. माणूस बोटीवर अडकतो तेव्हा धावपळ करणारी बायको किंवा अब्बाच असतात, आणि त्यांच्याकडे बोटीचं नावसुद्धा नसतं.

शेवटी पैशांचं. सफरीचा खर्च जितका, त्याच्या निदान चौथा हिस्सा वेगळा ठेवावा असं आम्ही सुचवू. सगळं ठीक झालं तर तो पैसा घरीच आहे. आणि बंदराने दार लावलं, तर परतीचं तिकीट काढायला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.